अगरतळ्याची पत्रिका

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडी धूत होतो. कॉलेजपासूनचा आमचा दोस्त विलास सांगलीहून बोलत होता, "रफिक गेला रं. झोपेतच. दुपारी मय्यत हाय, येतोस का?" मी "बघतो" म्हणालो आणि उरलेली गाडी धुतली. गेलेल्या माणसाला कुणी शत्रू नव्हता असं अशा लेखात लिहितात. रफिकला एक होता. तोच हे लिहितो आहे. गोड आठवणी हव्या असतील त्यांनी पान उलटावं.

सांगलीत आम्ही एका बाकावर शिकलो. त्याच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. एखाद्या जुन्या कोटाचं फिटिंग आवडलं की ते तो टाका टाका उसवायचे, कापड पसरून आतला काप बघायचे आणि परत शिवून ठेवायचे. पोरानं हेच कॉम्प्युटरवर सुरू केलं. कुणीतरी तयार केलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि करणाऱ्याला न विचारता, उलट्या बाजूनं जात जात ते आतून कसं रचलंय ते शोधायचं. याला रिव्हर्स इंजिनिअरिंग असं भारदस्त नाव आहे. रफिक 'उसवणं' म्हणायचा. पुढे पॉलिटेक्निकात शिकवायला लागला, तरी घरी आल्यावर उद्योग हाच. फुकट वापरायला नाही, विकायला नाही. नुसतं बघायला.

या बघण्याचा मला पहिल्यापासून वैताग होता. माझ्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा खेळ होता, आणि मी त्याला अधूनमधून हरवायचो. रफिकनं तो उसवला आणि मला हसत सांगितलं, "तू सारखा हरायला लागलास की ते मुद्दाम चुकतंय. लाडावतंय तुला." त्यानंतर मी तो खेळ उघडला नाही. कुणाचं काय बिघडत होतं मी जिंकलो तर? पण झाकलेलं झाकलेलं राहू द्यायचं, हे त्या माणसाला कधी जमलंच नाही.

माझी एकुलती एक मुलगी अश्विनी. तिच्या आजोळी, जतला जन्मलेली. तिला उंब्रजचं स्थळ आलं. बागायती ऊस, मुलगा फौजेत अधिकारी, माणसं तालेवार. त्यांची अट एकच, मुलीला मंगळ नको. मुलाच्या मामांचा मोबाइलमधल्या एका पत्रिकेच्या ॲपवर फार भरवसा. त्यात पत्रिका घातली. मंगळ नाही, गुणही जुळले. मी साताऱ्यातल्या आमच्या घरी सुपारी फोडायचा दिवस धरला. घरचा माणूस म्हणून रफिकला सांगलीहून बोलावलं आणि पुढे बसवलं. तेच नडलं.

सुपारी फुटणार एवढ्यात हा उठून उभा राहिला. "मामा, जरा थांबा. तुमच्या ॲपला जत म्हाईतच न्हाई. मी आतनं उसवून बघितलंय. गाव यादीत न्हाई सापडलं की ते यादीतलं पयलं गाव धरतंय. कागदावर जतच छापतंय, पर हिशेब अगरतळ्याचा करतंय. कवठे महांकाळ टाका न्हाईतर उंब्रज टाका, सगळी अगरतळ्यालाच जन्मल्यात!"

मंडळी हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथं त्यांच्या गुरुजींना फोन लावला, खरं गाव सांगितलं. मंगळ निघाला. पोह्यांच्या बशा तशाच ठेवून माणसं उठली.

अंगणात मी त्याला धरलं. "पत्रिकेवर तुजा इश्वास न्हाई. मग कुणी सांगितलं हुतं रं तुला उसवायला?" तो खाली बघत चप्पल घालत होता. "कुणी न्हाई," म्हणाला. "सवय हाय गड्या."

सवय! माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न याच्या सवयीपायी मोडलं. पाहुण्यारावळ्यांत महिनोन्‌महिने मी ऐकून घेतलं. अश्विनी पुढे शिकायला पुण्याला गेली, नोकरीला लागली, तिचं बरं चाललं आहे. पण ते रफिकच्या कृपेनं नव्हे, असं मी भेटेल त्याला सांगायचो. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. मी उचलला नाही. समोर पडला असता तर शिव्याच दिल्या असत्या, आणि त्या मनात तयार होत्या.

मय्यतीला शेवटी गेलोच, ते अश्विनी पुण्याहून परस्पर सांगलीत येऊन थांबली म्हणून. परतताना गाडीत ती म्हणाली, "पप्पा, काकांना मीच सांगितलं होतं. मला त्या घरात जायचं नव्हतं. म्हटलं, ॲपमध्ये काही चूक असेल तर काढा. ते म्हणाले, खोटं बोलणार न्हाई पोरी. खरंच काय सापडलं तर उठून बोलतो, आन तुजं नाव घेत न्हाई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्यापुढं बोलायची सोय होती का?"

उंब्रजचा फाटा मागं गेला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

परवा चाळिसाव्याला त्याच्या खोलीत बसलो. त्याच्या बायकोनं, शमीमभाभींनी, काही हलवलेलं नाही. कॉम्प्युटरशेजारी पेनांच्या डब्यात त्याच्या वडिलांचं टाके उसवायचं छोटं पातं अजून आहे, मूठ घासून गुळगुळीत झालेलं. ते हातात घेतलं आणि परत संताप आला, आधीपेक्षा जास्त. एवढी वर्षं माझ्याकडून लाथाडून घेतलंस, एक वाक्य बोलला असतास तर काय झालं असतं? मी पोरीवर चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे चहाला आलो असतो. जगातलं सगळं उसवलंस, आणि नेमकं हेच तेवढं शिवून ठेवलंस.

सवय म्हणे... खोटारडा!