हिरवाच राहिलेला दिवा

दिव्यानी सिंदेवाही तालुक्यातल्या जंगलकाठच्या एका गावची. वडील मुखरू धान लावायचे आणि मोहाच्या दिवसांत घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन फुलं वेचायला जंगलात जायची. ती शिकून नागपूरच्या एका लहान कंपनीत लागली. ही कंपनी वाघाची सूचना देणाऱ्या पेट्या बनवायची. जंगलाच्या वाटेवर कॅमेरा, त्याच्याखाली पेटी, आणि गावच्या चौकात भोंगा नि दिवा. वाघ दिसला की भोंगा वाजायचा, दिवा लाल व्हायचा. एरवी तो हिरवा असायचा. पेटीतला प्रोग्राम कोलमडलाच, तर जाता जाता त्याने दिवा लाल करून जावा, अशीही सोय होती.

दिव्यानीच्या गावात पेटी बसली आणि लोक दिवा पाहून जंगलात जाऊ लागले.

चैत्रात गावातली रुखमा गेली. जाऊ शकुबाई हिच्यासोबत ती मोह वेचत होती. वाकलेली असतानाच मागून वाघ आला. शकुबाईने ओरडून माणसं जमवली, पण तोवर उशीर झाला होता. रुखमाला उचलून लोक चौकात आले तेव्हा दिवा हिरवा होता.

नेटवर्क गेलं असेल, असं कंपनीचे साहेब म्हणाले. दिव्यानीला ते पटेना. ती गावी आली, पेटी उघडली. प्रोग्राम मेलेला होता आणि मरताना त्याने कुठेही काही लिहून ठेवलं नव्हतं. तिने कॅमेऱ्यातलं शेवटचं चित्र काढलं. चित्रात नुसता धूर होता. मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्याचा धूर.

तेव्हा तिला कारण कळलं. वाघ ओळखायला प्रोग्राम चित्रातला एक ठिपका धरायचा, शेजारचा तसाच आहे का पाहायचा, मग त्याच्या शेजारचा. दर ठिपक्याला तेच फंक्शन, म्हणजे हे काम करणारा प्रोग्रामचा भाग, स्वतःला पुन्हा बोलवायचं आणि दर वेळी स्टॅकवरची, म्हणजे कामापुरत्या मिळालेल्या जागेतली, थोडी जागा खायचं. वाघाएवढ्या डागाला ती पुरायची. धुरात अख्खं चित्रच एक डाग झालं आणि जागा संपली. अशा वेळी सिस्टिम प्रोग्रामला सिग्नल पाठवते. तो आला की दिवा लाल करणारं फंक्शन चालायचं. पण त्यालाही चालायला त्याच स्टॅकवर जागा हवी. ती नव्हतीच. सिस्टिमने प्रोग्राम तिथेच संपवला, आणि दिवा होता तसाच राहिला.

संध्याकाळी शकुबाई येऊन ओसरीवर बसली.  तिने विचारलं, "पेटी वरडली काऊन नाई?"

"वरडाले जागाच उरली नव्हती, काकी."

शकुबाई उठून गेली.

नागपूरला जाऊन दिव्यानीने उपाय केला. थोडी जागा आधीच वेगळी काढून ठेवायची आणि सिस्टिमला सांगून ठेवायचं की सिग्नल आला तर त्याचं फंक्शन या दुसऱ्या स्टॅकवर चालव. त्या फंक्शनमध्ये फार काही करायचं नाही. दिवा लाल, भोंगा चालू, बस. ऑफिसात तिने मुद्दाम स्टॅक भरून प्रोग्राम पाडला. दिवा लाल झाला. धुराने प्रोग्राम पडूच नये म्हणून ते ठिपक्यांचं फंक्शन नव्याने लिहायला वेळ लागणार होता आणि मोहाचे दिवस चालू होते, म्हणून आधी हा उपाय पेटीत घालून ती गावी आली.

सकाळी तिने पेटी बसवली आणि खऱ्या धुरावर पाहायचं म्हणून कॅमेऱ्यासमोर पाचोळा पेटवला. वडिलांना तिने चौकात उभं केलं होतं. धूर दाट झाला. पेटीतला बारीक आवाज बंद पडला. प्रोग्राम मेला होता. तिने फोन लावला.

"बाबा, लाल झाला का?"

"नाई. हिरवाच हाय," मुखरू म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बाया तं गेल्या वो. दिवा पाहूनच गेल्या."

तिने वडिलांना हातानेच भोंगा चालू करायला सांगितलं. भोंगा वाजत राहिला आणि ती वाटेवर उभी राहून झाडांकडे पाहत राहिली. पाचोळा विझत आला होता, धूर अजून जमिनीलगत होता. एकेक करत बाया आल्या, काही रिकाम्या हाताने. शकुबाई त्यांच्यात नव्हती.

ती सगळ्यांत शेवटी आली. धावत नव्हती, पण मागेही पाहत नव्हती. नाल्यापलीकडे वानरं ओरडत होती, वाघ दिसला की ओरडतात तशी, असं तिने सांगितलं. टोपली तिथेच टाकून आली होती.

दिव्यानीची चूक तिला पेटीजवळ बसूनच सापडली. प्रोग्राममध्ये दोन थ्रेड होते, एकाच वेळी चालणारी दोन कामं. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक वेगळा असतो, आणि आणीबाणीची दुसरी जागाही प्रत्येकाला आपापली मागावी लागते. तिने ती मुख्य थ्रेडलाच दिली होती आणि ऑफिसातली चाचणीही त्याच थ्रेडवर केली होती. चित्रं तपासायचा दुसरा. त्याला काहीच मिळालं नव्हतं.

तिने दुसऱ्या थ्रेडलाही जागा दिली आणि पुन्हा पाचोळा पेटवला. या वेळी मुखरूंना फोनवर बोलावंच लागलं नाही. भोंगा तिला वाटेवरूनच ऐकू आला. पुढच्या तीन दिवसांत तिने कंपनीच्या कुरखेड्याकडच्या गावांतल्या पेट्याही दुरुस्त केल्या. प्रोग्राम मेला की आपोआप विझणारा दिवा पावसाळ्यानंतर बसवू, असं कंपनीने कळवलं.

वाघासाठी पिंजरा लावला होता, पण तो त्यात आला नाही. वनखात्याची माणसं आली, गाडी लावून बसली, गेली. मोह मात्र रोज गळत होता आणि उन्हात सुकून जात होता.

चौथ्या दिवशी शकुबाई नवी टोपली घेऊन निघाली. दिव्यानीने तिला थांबवलं, आता पेटी बरोबर आहे पण तरी जाऊ नको म्हणाली.

"मंग वेचन कोन?" शकुबाई म्हणाली.

चौकातून जाताना तिने मान वर करून दिव्याकडे पाहिलं नाही. दिव्यानी वाटेच्या टोकापर्यंत तिच्यासोबत गेली. पुढे झाडं दाट होती आणि आत कोणीतरी पाचोळा पेटवला होता. शकुबाई त्या धुरात शिरली. थोड्या वेळाने तिचं लुगडंही दिसेनासं झालं.