अहोंचं नाव

“अगं, रेडिओवर मी दिसत नाही! नुसतं ‘अहो’ म्हणालीस तर कार्डिफमधला प्रत्येक मराठी नवरा दचकेल.”

“दचकू दे. काहीतरी केलंच असेल!”

भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या सुप्रभाताई हॉस्पिटलात कुणाला बधल्या नाहीत, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं तर फक्त उखाण्यात. आज कम्युनिटी रेडिओवर दोघांची नवरा-बायकोची विनोदी श्रुतिका थेट प्रसारित होणार होती.

“एकदाच घे ना,” ते काकुळतीला आले.

लाल दिवा लागला. ताईंनी माईक ओढला.

“चहात चोरून साखर, वर सांगतात डाएट,
श्रीनिवासराव घोरले की शेजारी विचारतात, ‘ऑल राइट?’”

पुढचं वाक्य श्रीनिवासरावांचं होतं. ते कानापर्यंत लाल झाले.

“बोला की आता!”

हेडफोन ठेवून, तोंडावर हात दाबून हसत ते स्टुडिओबाहेर पडले.