डोळा शेवटी

आमच्या मामाजींच्या, म्हंजे माह्या चुलत सासऱ्यांच्या, हातून चिखलीत एक कागद धड सुटला असंन तर मले आनून दाखवा. महाराष्ट्र झाला तवा वाटलेल्या पेढ्यायचा कागद बी सुटला नाई. साखर डब्यात पडायच्या आत पुडीचा कागद त्यायच्या मांडीवर, अन् मोडक्या वस्तऱ्याच्या पात्यानं त्यात कडुलिंबाची डहाळी कोरून राह्यले, पान न् पान वेगळं, मंग घड्या घालून ती पाटावर उभी करत, अन् ती उभी राहे बी, जशी पाटातूनच उगवली. लढाईत ते ब्रह्मदेशाकडं जपान्यायच्या कैदेत होते, तिथल्या एका पहारेकऱ्यानं हे शिकवलं. "भात काई त्यानं पोटभर देल्ला नाई," मामाजी म्हनत, "पन हे देल्लं."

एकदा देऊळगाव राजाहून लग्नाची पत्रिका आली. कोनी वाचायच्या आत मामाजींनी तिचा मोर केला, तारखेच्या जागी पिसाऱ्याची भोकं. सासूबाईनं मोर दारापाशी उजेडात धरला, "मंगळवार दिसते बाई" म्हने, अन् आम्ही सारे मंगळवारी येष्टीनं गेलो तं तिथं मांडव उतरवून राह्यले होते. मामाजी शांतपनानं म्हने, "एवढा चांगला कागद वापराले नोको होता त्यायनं."

मी त्यायच्यासंग कधी बोलली नाई, सुनेनं सासऱ्याशी बोलाची रीतच नव्हती, पदर कपाळावर अन् मी दाराआड. ते बी मले थेट बोलत नसत, माही पोरगी झाली तवापासून तिलेच सांगत. "कावो, तुया मायले सांग, साखर संपली का पुडी आनायची, कागद पाह्यजे."

पोरगी तीन महिन्यायची झाली तरी कोनाकडं पाहेच ना, मी तोंडापुढं हात हालवो, ती आपली भलतीकडंच, नंदेची पोरगी याच वयात मायले पाहून हासे. मी चौथी शिकलेली, विचारू कोनाले, घरात म्हनलं तं म्हनतील आंधळी पोर जन्माले घातली. यायले, पोरीच्या बापाले, बी सांगितलं नाई. मी ताट तसंच गाईपुढं नेऊन ठेवो.

एक दिवस दुपारी पोरगी गोधडीवर होती अन् मामाजी शेजारी चिमनी कोरून राह्यले होते. पाखराचा डोळा ते शेवटी कोरत, कागद दाराच्या उन्हात धरून, तो चुकला तं सारं पाखरू फुकट म्हनत. पात्याचं टोक आरपार गेलं अन् भिंतीवर, चिमनीच्या सावलीत, उन्हाचा एवढासा ठिपका पडला. म्हाताऱ्याचा हात हालला, ठिपका सरकला, अन् पोरीची मान त्याच्यामागं गेली.

मी दाराआडून पाहून राह्यली. मामाजींनी कागद हळूच उलटीकडं नेला, पोरगी बी तिकडं. पुन्हा इकडं नेला, ती बी इकडं.

मंग ते माह्याकडं न पाहता पोरीले म्हने, "कावो, तुया मायले सांग, गाय लई लठ्ठ झाली, आता तू जेवत जा म्हना."

मी बी दाराआडून पोरीलेच म्हनलं, "आज्याले सांग, हाव, जेवते म्हना."

पुढच्या सालात मामाजी गेले. पोरगी आता शाळेत जाते, दुरून फळ्यावरचं वाचते. साखरेची पुडी सोडली का कागद कोराच उरते, मी त्याची घडी करून त्यायच्या पाटाखाली ठेवून देते.