मागच्याला आडोसा नाही

मागच्या वर्षी जानेवारीत मला सायकल स्पर्धेतून बाद केलं. ज्यांनी बाद केलं त्यांना पुढच्या जानेवारीत त्याच रस्त्यावर हरवायचं, हे मी घरी पोचायच्या आत ठरवलं होतं. हेल्मेटचा विषय नंतर आला. आधी राग होता.

आमच्या सायकल ग्रुपची ही स्पर्धा वर्ध्याच्या बाहेरून सुटते. हिंगणघाटच्या दिशेने बारा किलोमीटर जायचं आणि परत यायचं. सगळे एकदम निघत नाहीत. दर मिनिटाला एक जण सुटतो आणि प्रत्येकाची लढाई घड्याळाशी असते. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायचं नाही. पुढचा माणूस वारा फोडतो आणि मागच्याला फुकट आडोसा मिळतो, म्हणून.

ग्रुपचे अध्यक्ष माझ्या एक मिनिट आधी सुटले होते. पन्नाशीचे, औषधांचे ठोक व्यापारी, बोलायला गोड. परतीच्या वाटेवर मी त्यांना गाठलं आणि मागे टाकलं. तिथून शेवटपर्यंत ते माझ्या चाकाला चिकटून आले. त्यांच्या साखळीची करकर मला सहा किलोमीटर ऐकू येत होती. शेवटच्या शंभर मीटरवर ते माझ्या मागून बाजूला निघाले आणि एका चाकाने पुढे गेले. फोटो निघाला तो नेमका तेव्हाच. फोटोत ते पुढे, मी त्यांच्या मागच्या चाकाशी.

संध्याकाळी ग्रुपवर निकाल आला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: बाद, दुसऱ्याच्या आडोशाने चालवल्याबद्दल. मी फोन लावला.

"भाऊ, मागं तुमी होते. मी नाई."

"फोटो पाहा ना ताई. फोटो का खोटा बोलते काय?"

"मी एक मिनिट मागून निघून तुमाले गाठलं. मग मले तुमच्या आडोशाची गरज काऊन पडंल?"

"जाऊ द्या ना. लेडीज एवढं चालवते, तेच लई आहे. साऱ्यायले कौतुक आहे तुमचं."

ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडली. कोणीतरी लिहिलं, 'ताई, पुढच्या वेळी स्वतःच्या पायांवर.' मी ग्रुप सोडला नाही. सोडला असता तर पुढच्या वर्षीचं वेळापत्रक कळलं नसतं.

मी हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत धाग्याची तपासणी करते. बावीस वर्षं झाली. एखादी गोष्ट बरी की वाईट हे मी मत विचारून ठरवत नाही, तपासून ठरवते. त्यामुळे रडारड न करता हिशेब मांडला. पाय माझे चांगले होते. पण मी वाऱ्याला उभी होते. भोकाभोकांचं साधं हेल्मेट, वर चष्मा, मागे फडफडणारी वेणी. वाऱ्याला मी जेवढं अडवत होते, तेवढा मागच्याला आडोसा मिळत होता. म्हणजे त्या माणसाला सहा किलोमीटर मीच पोसलं होतं. हे लक्षात आल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

घड्याळाशी लढायच्या स्पर्धेसाठी हेल्मेट वेगळं मिळतं. गुळगुळीत, जवळजवळ बिनभोकाचं, कानावरून खाली येणारं, पुढे चुंबकाने बसणारी काच. त्यात दोन जाती. एकाला मागे लांब निमुळती शेपटी असते, दुसरं आखूड, मागून गोलसर. इंटरनेटवर प्रत्येक जण आपलंच हेल्मेट कसं श्रेष्ठ ते सांगतो. माझी पाठ त्यांच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती.

वर्ध्याजवळच्या सावंगीला एक तरुण डॉक्टरीण आहे, पोहणं-सायकल-धावणं करणारी. तिने तिचं शेपटीचं हेल्मेट पंधरा दिवसांसाठी दिलं. आखूड हेल्मेट मी ऑनलाइन मागवलं, परत करता येईल अशा अटीवर. आता दोन्ही तपासायची कशी? पाश्चात्त्य देशांत त्यासाठी मोठ्या पंख्यांचे बोगदे असतात म्हणे. माझ्याकडे सूत होतं. तपासून झालेल्या धाग्याचे बोटभर लांबीचे तुकडे कापले आणि जखमेवर लावायच्या कागदी पट्टीने हेल्मेटच्या मागच्या बाजूला आणि माझ्या पाठीवर ओळीने चिकटवले. जिथे वारा सरळ सरकतो तिथे धागा निपचित पडून राहतो. जिथे वारा गोंधळतो तिथे तो नाचतो. जेवढा नाच जास्त, तेवढा आडोसा मोठा.

रविवारी सकाळी अंगणात मी हेल्मेट चढवलं तेव्हा नवरा चहा घेऊन पायरीवर बसला होता.

"मुंडावळ्या बांधून कुठं चालली वो? मले सांगितलं असतं, म्या बी घोडा आणला असता."

"घोडा नको. स्कूटी काढा. माझ्या बाजूनं चालवा, पस्तीसच्या वेगानं. फोन आरशाच्या दांडीले बांधला आहे, त्याले हात लावू नका."

"लोकं का म्हणतीन?"

"लोकं जानेवारीतच म्हणून चुकले."

त्याने कप आत ठेवला आणि स्कूटी काढली.

तीन रविवार हेच चाललं. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात, त्यांच्यावरचे लोक वाकवाकून पाहत. संध्याकाळी मी ते व्हिडिओ सावकाश करून बघायची. शेपटीच्या हेल्मेटचं पहिली पाच मिनिटं उत्तम चालायचं. धागे पडून राहायचे. पण दमले की माझी मान खाली जाते, मी रस्त्याकडे बघते, आणि मान खाली गेली की शेपटी वर उठते, विंचवासारखी. मग पाठीवरचे सगळे धागे उभे राहून नाचायला लागायचे. आखूड हेल्मेटला हा प्रश्न नव्हता. मान खाली गेली तरी त्याची मागची कड माझ्या खांद्यांमध्ये बसून राहायची. माझी पाठ थोडी पोक काढलेली आहे. बावीस वर्षं टेबलावर वाकून धागा बघितल्याचं फळ. त्या पोकाला ते हेल्मेट असं बसलं की डोकं कुठे संपतं आणि पाठ कुठे सुरू होते, ते धाग्यांना कळेना.

शरीराचा आडोसा पूर्ण नाहीसा होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दहा रुपयांचा आडोसा देत होते, तिथे सात द्यायचे. त्या माणसाला तीन कमी मिळाले तरी मला चालणार होतं.

काचेचा निर्णय सोपा होता. आधी चष्मा आत मावतो का ते पाहिलं, मावला. मग रंग. जाताना सकाळचं ऊन तोंडावर येतं म्हणून गडद काच घेतली. हे कारण मी नवऱ्याला सांगितलं. दुसरं कारण असं की गडद काचेतून मी कुठे बघते आहे ते समोरच्याला दिसत नाही. उभं राहिलं की काचेवर वाफ धरते, म्हणून सुटायच्या दहा सेकंद आधीच ती बसवायची, हेही करून पाहिलं. वेणी सायकलच्या घट्ट सूटच्या आत टाकली.

डिसेंबरात नाव नोंदवायला गेले तेव्हा अध्यक्ष टेबलाशी बसले होते.

"मले तुमच्या मागं एक मिनिट द्या."

ते हसले. आजूबाजूच्या चौघांकडे पाहून म्हणाले, "पाहा गड्या हो. यंदाही माह्याच मागं लागून राह्यल्या ताई."

चौघे हसले. मी सही केली.

स्पर्धेच्या दिवशी थंडी होती. जाताना मी मुद्दाम घाई केली नाही. वळणावर ते मला वीस सेकंद पुढे दिसले. परतीला ऊन पाठीवर आलं आणि माझी सावली पुढे रस्त्यावर पडली. दोन किलोमीटरमध्ये मी त्यांच्या मागे पोचले. जवळून ओलांडलं नाही. चांगलं तीन मीटर अंतर ठेवून बाजूने गेले, म्हणजे माझ्या मागे यायला त्यांना तिरकं, स्वतःच्या छातीवर वारा घेत यावं लागेल. ओलांडताना ते काहीतरी बोलले. हेल्मेटमध्ये कान झाकलेले, मला फक्त वारा ऐकू आला.

मागे वळून पाहिलं की वेग जातो. मी सावलीकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने माझ्या सावलीच्या कुशीतून दुसरं डोकं बाहेर आलं. चिकटले होते. मी मान तशीच ठेवली आणि एक गिअर जड केला. ते डोकं माझ्या खांद्यापाशी आलं, मग कमरेपाशी, मग चाकापाशी घसरलं. मी आणखी एक गिअर जड केला. गरज नव्हती, पण केला. मग रस्त्यावर माझी एकटीचीच सावली उरली.

शेवटच्या रेषेवर निघालेल्या फोटोत मी एकटी आहे. मागे रिकामा रस्ता आणि एक कडुनिंब. ते आले तेव्हा मी पाणी पिऊन, सायकल पुसून उभी होते.

चेहरा घामाने ओला, तरी बोलणं गोडच. "हेल्मेटची कमाल आहे ताई. हे टोपरं कुठून आणलं?"

"सांगते. आधी ग्रुपवर लिहा, मागच्या वर्षी कोण कोणाच्या मागं होतं ते."

"काऊन जुनं उकरून राह्यल्या जी? आता तर जिंकल्या ना तुमी."

"लिहा, मग सांगते."

त्यांनी लिहिलं नाही. ग्रुपवरच्या बाकी सात जणांना मी घरी बोलावून धागे लावून दिले, पाठी बघून हेल्मेट निवडून दिलं, चहा दिला. अध्यक्षांनी फोटोवरून माझ्या हेल्मेटचं मॉडेल शोधून काढलं आणि तेच मागवलं, रंगासकट.

मागच्या महिन्यात सरावाला ते घालून आले. मी त्यांच्या मागून चालवत होते, बरंच अंतर ठेवून. त्यांची मान ताठ आहे, पाठ सपाट आहे, आणि पोटामुळे त्यांना वाकता येत नाही. हेल्मेटची मागची कड आणि त्यांची पाठ यांच्यामध्ये टीचभर फट होती. तिच्यात वारा विहिरीत पडावा तसा पडत असणार. त्यांना शेपटीचंच बरं बसलं असतं. ती शेपटी ती फट झाकते. एवढंच सांगायचं होतं, दोन वाक्यांचं काम.

थांब्यावर ते माझ्याजवळ आले. "पाहा बरं ताई, बरोबर बसलं ना? तुमाले समजते यातलं."

मी हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली. पट्टा सैल होता, तो घट्ट केला. कोणी पडलं तर डोकं फुटू नये, तेवढं मी कोणासाठीही करीन. मग दोन पावलं मागे सरकून मागून, बाजूने, नीट बघितलं.

"एक नंबर बसलं भाऊ," मी म्हटलं. "हेच घालत जा."