नाताळचा दहा वाजताचा फोन

डिसेंबर आला की सुकापुरात आमच्या सोसायटीतले लोक कानटोप्या काढतात. अरे, ही काय थंडी? मी बनियनवर गॅलरीत चहा पितो. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी दिव्यांची चांदणी लावली आहे. माझ्या घरात मी एकटा. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा नाताळच्या सुट्टीत पोरांना घेऊन यायचा, मग गावी, नेऱ्याच्या शेतात मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावायचो. यंदा ते गोव्याला गेले. "बाबा, पोरांना समुद्र पाहिजे होता." म्हटलं, जा बाबांनो. फोन ठेवला आणि घर खायला उठलं.

तसा नाताळ मला बावीस वर्षं जड जातो. तेव्हा मी फौजेत हवालदार होतो. उत्तरेला बर्फातली पोस्ट, आम्ही अकरा जण. ०५०० ला उठायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं. ०६३० ला लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त. आमचे चौघं निघायचे, खालच्या पोस्टचे चौघं अर्ध्या वाटेत भेटायचे, की परत. आल्यावर मोजे बदलून नर्सिंग असिस्टंटला पाय दाखवायचे, असा हुकूम होता.

आमच्यात रिवाज असा, की ज्याचा सण त्याची ड्यूटी दुसऱ्यानं करायची. दिवाळीला माझं पेट्रोल नाईक जोसेफनं नेलं. वसईचा गडी. नाताळला त्याचं मी नेणार होतो. त्याला दहा वाजता सॅटेलाइट फोन मिळणार होता. मुलगी दोन महिन्यांची झाली होती, त्यानं अजून पाहिली नव्हती.

"उस्ताद, बायको तिला फोनपाशी आणणार आहे. रडली तरी चालेल, आवाज तर ऐकू येईल."

माझ्या डाव्या पायाचा अंगठा तीन दिवसांपासून बर्फानं काळा पडला होता. मी लपवला. पाय दाखवताना उजवाच पुढे करायचो. कळलं तर खाली पाठवतील, नेऱ्याचा आगरी थंडीला भ्याला म्हणतील. ही माझी मिजास. नाताळच्या सकाळी बूट चढेना. नर्सिंग असिस्टंटनं मोजा काढला आणि बूट उचलून बाजूला ठेवून दिला. पेट्रोल नेऊ शकेल असा दुसरा एकच माणूस पोस्टवर होता.

"राहू द्या उस्ताद," जोसेफ बुटाची नाडी बांधत म्हणाला. "साडेनऊला परत येतो."

०९१० ला वायरलेस सेट बोलला.

"अल्फा फॉर चार्ली. एव्हलांच. तीन ओके, एक मिसिंग. ओव्हर."

"कोण मिसिंग? ओव्हर."

"नाईक जोसेफ. ओव्हर."

हिमकडा कोसळला होता तिकडे सगळे फावडी घेऊन धावले. मला धड उभं राहता येत नव्हतं, म्हणून सेटवर बसवलं. शोध चालू आहे तोवर खबर बाहेर जाता कामा नये, असं पोस्ट कमांडर लेफ्टनंट साहेबांनी बजावलं. पण दहाचा फोन गेला नाही तर घरचे घाबरतील. तेव्हा तो मी लावायचा.

पहिल्याच रिंगला त्याच्या बायकोनं उचलला. मागे पोरगी रडत होती.

"जोसेफ ड्यूटीवर आहे, वहिनी. संध्याकाळी करील."

"बरं भाऊ. मेरी ख्रिसमस हां."

१३४० ला तो सापडला. श्वास नव्हता.

तेव्हापासून दर नाताळला दहा वाजता मी वहिनींना फोन करतो. तब्येत विचारतो, शुभेच्छा देतो, ठेवतो. दोन मिनिटं. ती ड्यूटी माझी होती, हे तोंडातून कधी निघालं नाही. यंदा रिकाम्या घरात बसून ठरवलं, आज बोलायचंच.

फोन जोसेफच्या मुलीनं उचलला. आई चर्चला गेली होती. थांबलो असतो तर परत धीर झाला नसता, म्हणून तिलाच सगळं सांगून टाकलं. अंगठा, मिजास, सगळं.

"काका, आईला माहीत आहे. पेट्रोलवरचे एक जण पहिल्याच वर्षी घरी येऊन सांगून गेले."

"मग ती इतकी वर्षं बोलली का नाही?"

"म्हणते, मी बोलले तर ते फोन करायचे बंद होतील. पप्पांना ओळखणारं दुसरं कोण आहे आमच्याकडे?"

मला रडू आलं. सरळ सांगतो, मोठ्यानं रडलो. मग ती म्हणाली, "तुम्ही दोन मिनिटांत ठेवता हो. पप्पा कसे होते, कधी सांगतच नाही."

त्या दिवशी पावणेबारापर्यंत बोललो. नाईक जोसेफ, वय सत्तावीस. बेसूर गायचा, पत्त्यांत लबाडी करायचा आणि दुसऱ्याला पहाऱ्यावरून सोडवायला कधी एक मिनिट उशिरा आला नाही.