मिरवणुकीतली मोटार

आम्ही दोघं एकाच गाडीत धावायचो. गाडी मी चालवायचो. माझा दोस्त डावीकडे बसून मांडीवरचा नकाशा बघत पुढची वळणं ओरडून सांगायचा. शाहूपुरीत त्याच्या घरच्यांचं गॅरेज होतं, मागच्या बाजूला राहती खोली. गाडी तिथंच उघडायची, तिथंच जोडायची आणि जेवायचंही तिथंच, त्याच्या आईच्या हातचं. तिला मी अम्माच म्हणायचो. सत्तरच्या आसपासच्या त्या दिवसांत कोल्हापुरात शर्यतींचं भलतंच वेड होतं. आम्ही जिंकून आलो की गॅरेजसमोर रस्ता बंद व्हायचा.

एका रॅलीत गगनबावड्याच्या घाटात पुढचा टायर फुटला. गाडी कोलांट्या खाऊन डाव्या अंगानं कड्यावर आदळली. दोस्त जागच्या जागी गेला. मी शुद्धीवर आलो तेव्हा माझा डावा पाय गुडघ्याच्या वर कापलेला होता.

मी वर्षभर घरात बसून काढल्यावर एका टायर कंपनीचा मॅनेजर मुंबईहून मला भेटायला आला. फुटलेला टायर त्यांचा नव्हता, दुसऱ्या कंपनीचा होता. ही गोष्ट त्यानं चहा यायच्या आतच बोलून घेतली. मग म्हणाला, "तुमचं नाव इथं पानपट्टीवाल्यालाही ठाऊक आहे. आम्ही शर्यती भरवणार आहोत. जाहिरातीचं सगळं तुम्ही बघा." घरात दोन लहान मुली होत्या. मी हो म्हणालो.

काम मला जमलंही. दुकानदारांना भेटायचं, मैदानावर फलक कुठं लागले तर फोटोत येतील ते ठरवायचं, शर्यतीत माइकवरून बोलायचं. शर्यत सुटण्याआधी गाडी चालवणाऱ्याच्या मनात काय चालतं ते मला माहीत होतं, त्यामुळं माझं बोलणं लोकांना आवडायचं.

पहिल्या मोठ्या शर्यतीआधी कोल्हापुरातून आणि दुसऱ्या दिवशी इचलकरंजीतून मिरवणूक काढायचं ठरलं. मी उघड्या जीपमध्ये बसणार असं मला सांगितलं होतं. टेपवर माझ्या आवाजात चार वाक्यं भरून घेतली होती : मी अमुक, मी इतक्या शर्यती केल्या, चांगला टायर जीव वाचवतो.

सकाळी मैदानावर पोचलो तर ट्रकवर आमची गाडी चढवलेली. तशीच, चेपलेली, काचा गेलेली. भंगारवाल्याकडून कंपनीनं ती मिळवली होती. वर पाटी : 'तेव्हा आमचे टायर असते तर?' मी काही बोलायच्या आत दोन हमालांनी मला काखेत धरून वर चढवलं आणि स्टेअरिंगमागं बसवलं. कुबड्या मॅनेजरच्या जीपमध्ये गेल्या.

मग मी डावीकडं बघितलं. तिथं हेल्मेट घातलेला, तांबड्या शर्टातला, गवत भरलेला बाहुला बसवलेला होता.

"हे काढा," मी खाली वाकून म्हणालो.

"अहो, गाडीत तुम्ही दोघं होतात ना?" मॅनेजर म्हणाला. "लोकांना खरं वाटायला नको का?"

ट्रक हलला. पुढं बँड, मागं जीप, आणि ट्रकच्या टपावर भोंगा. मी ड्रायव्हरला हाका मारू लागलो, ट्रक थांबव म्हणून. भोंग्यातून माझाच आवाज येत होता, चांगला टायर जीव वाचवतो. मी हात हलवत ओरडत होतो आणि दोन्ही बाजूंची माणसं हात हलवून मला उत्तर देत होती. पोरं शिट्ट्या वाजवत होती. कुणीतरी माडीवरून झेंडूची माळ टाकली, ती बाहुल्याच्या गळ्यात अडकली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका पायावर त्या उंचीवरून उडी मारणं माझ्याच्यानं झालं नाही.

शाहूपुरीत बँड ऐकून अम्मा गॅरेजच्या दारात आली. आधी तिनं गाडी ओळखली. मग ती रस्त्यावर उतरली आणि अनवाणीच ट्रकच्या डाव्या बाजूनं चालू लागली. मी "अम्मा, अम्मा" म्हणत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती बाहुल्याकडं बघत कोपऱ्यापर्यंत आली, गर्दीत तिला कुणाचा तरी धक्का लागला आणि ती मागं राहिली.

संध्याकाळी लॉजवर मॅनेजर खुशीत होता. "ती म्हातारी कोण हो?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "अरेरे. आपल्या फोटोग्राफरनं तिला घ्यायला हवं होतं."

"उद्या इचलकरंजीत मी बसणार नाही."

"नका बसू. जबरदस्ती थोडीच आहे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका नाटक कंपनीतला नट आणला. पाय दुमडून तो माझ्या जागी बसला आणि चौकाचौकात बाहुल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तिथल्या दुकानदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पावणं, गडी झकास हाय की. ह्योच ठेवा."

चार दिवसांनी अम्माकडं गेलो. तिनं पाट दिला, चहा दिला.

"अम्मा, मला त्यांनी सांगितलं नव्हतं."

"व्हय. वराडत हुतास की. ऐकू आलं मला."

मी चहा घेतला. ती माझ्या कुबड्यांकडं बघत होती.

"तांबडा शर्ट न्हवता त्याचा," ती म्हणाली. "निळा हुता. आजून हाय माझ्याकडं. मागितला असतास तर दिला असता."

कपबशी तिनं माझ्या हातातून घेतली.

"आता येत जाऊ नगंस. तू आलास की मी तुझ्या मागं दाराकडं बघतीया. दुसरा कुठं ऱ्हायला म्हणून."

मी पुन्हा गेलो नाही. नोकरी टिकली. पुढं मॅनेजर दिल्लीला गेला आणि त्याची खुर्ची मला मिळाली. तोवर नव्या पोरांच्या नव्या गाड्या आल्या होत्या. अम्मा गेली तेव्हा मी नाशिकला एका शर्यतीचे फलक बांधून घेत होतो. निरोप गॅरेजमधून कोल्हापूरच्या ऑफिसात आला आणि तिथं टेबलावर पडून राहिला. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा तिला माती देऊन आठवडा उलटला होता.