माळ्यावरची प्रत

तुमच्या कामाची दुसरी प्रत तुम्ही शेवटची कधी उघडून पाहिलीत? प्रत आहे का, हे मी विचारत नाही. उघडून कधी पाहिलीत, ते सांगा. हा प्रश्न मला महाडच्या एका गुन्ह्याने शिकवला. गुन्हा उघडकीस आला, कागदोपत्री प्रकरण मिटलं, पण माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

इंटरनेट आपल्या भागात नुकतं रुळत होतं तेव्हाची गोष्ट. मी तेव्हा महाड पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. पावसाळा तोंडावर आला होता. सकाळची हजेरी आटोपत होती तेवढ्यात दोन बायका ठाण्यात आल्या. एक महाडच्याच मोहल्ल्यातली, नवरा कुवेतला. दुसरी उमरठकडची शेतकरीण.

"माझं दुकान चोरीला गेलं," पहिली म्हणाली.

हवालदाराने मान वर केली. "शटर फोडलं?"

"नाही."

"माल नेला?"

"माल घरात आहे."

"मग भाभी, चोरानं नेलं काय? पाटी?"

दुसरी बाई उसळली. "दात काय काढताय, हवालदार? आमचं पापड आता कोन घेनार हाय, ते सांगा आधी!"

मी त्यांना आत बोलावलं. भाभींचं दुकान वेबसाइटवर होतं. पोलादपूरच्या डोंगरातल्या बायका पापड, फणसपोळ्या, आमसुलं करायच्या आणि आखातातले कोकणी लोक ती साइटवरून मागवायचे. गिऱ्हाइकांचे पत्ते, ऑर्डरी, फोटो, सगळं साइटवरच. त्या सकाळी साइट उघडली तर पान कोरं. हंगामाच्या ऑर्डरी आलेल्या, डबे भरलेले, आणि पाठवायचे कुणाला ते कळायला मार्ग नाही.

"लोक म्हणायचे, बाई कॉम्प्युटरवर पापड लाटते," भाभी म्हणाल्या. "हसू दे म्हटलं. साहेब, हे बंद पडलं तर या बायका पुन्हा एसटी स्टँडवर टोपल्या घेऊन बसतील."

मी गुन्हा नोंदवून घेतला. साइट जिथे ठेवली होती त्या कंपनीला पत्र धाडलं. त्यांचं उत्तर कोरडं होतं: साइट पासवर्ड वापरूनच पुसली गेली आहे आणि प्रत ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. पासवर्ड दोघांकडेच. एक भाभींकडे, दुसरा साइट बनवणाऱ्या पोलादपूरच्या माणसाकडे. तिशीतला, हुशार, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. पण संशयावर कुणाला आरोपी करता येत नाही.

खबर आपण होऊन चालत आली. पोलादपूरच्या सायबर कॅफेचा मालक म्हणाला, "साहेब, साइट गेली त्याच्या आदल्या रात्री तो माझ्याकडं येऊन बसला होता. घरी याच्यापेक्षा भारी मशीन असताना! मी गमतीनं म्हटलं, काय रे, लाइट गेली काय? तर कसनुसा हसला."

स्वतःचं साधन सोडून माणूस दुसऱ्याचं वापरतो तेव्हा त्याला काहीतरी लपवायचं असतं. मी त्याला जबाबासाठी बोलावलं. तो कशालाच कबूल होईना. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि सहज म्हणालो, "जाऊ दे. साधी साइट होती. कुणीही करून देईल."

त्याचा कप तोंडापर्यंत पोहोचलाच नाही. "कुणीही? एकेक फोटो मी काढलाय साहेब! त्या बायकांच्या घरी जाऊन. तळाला एक ओळ होती माझ्या नावाची. फक्त एक ओळ. भाभींनी काढायला लावली, बरं दिसत नाही म्हणून."

मग त्याने सगळं सांगितलं. तिला धडा शिकवायचा होता. ती घाबरून फोन करील, नाव परत घाल म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. आणि तो निर्धास्त होता. "माझ्याकडं प्रत नाही, पण सीडी आहे ना तिच्याकडं! होळीच्या आधी मीच भरून दिली. नंतरच्या ऑर्डरी नसतील, पण गिऱ्हाइकं सगळी आहेत. चला, आत्ता चढवतो."

त्याला घेऊन आम्ही महाडला आलो. भाभींचा चेहरा उजळला. त्या लगेच स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. प्लास्टिकच्या दोन पिशव्या, वर दोरी. महाडच्या माणसाला एकच वैरी माहीत, पुराचं पाणी. मोलाचं असेल ते वर जातं, दागिने असोत की दाखले. त्या डब्याच्या वर वीतभर अंतरावर छपराचा पत्रा होता. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने तो तापला होता. सीडीची चंदेरी बाजू पोपड्यासारखी सुटली होती. पाण्याचा थेंबही तिला लागला नव्हता.

तो माणूस ती मशीनमध्ये पुनःपुन्हा घालत राहिला. शेवटी भाभीच म्हणाल्या, "राहू दे रे. नाही चालत." तो तिथेच खाली बसून रडला.

मी पंचनामा लिहिला. आरोपी मिळाला, मुद्देमाल मिळाला नाही. त्याला शिक्षा झाली आणि पुढे त्याने त्या कामाला हात लावला नाही. आखातातल्या काही गिऱ्हाइकांचे फोन आले, पण दुकान पुन्हा उभं राहिलं नाही. बदली होण्यापूर्वी पोलादपूरच्या स्टँडवर ती उमरठची बाई दिसली. पुढ्यात टोपली. मला ओळखून म्हणाली, "घ्या सायब, पापड. कुवेतला जायाचं व्हतं."

कायदा गुन्हेगाराचा हात धरतो, पण पुसलेलं परत लिहीत नाही. एका ओळीसाठी इतक्या जणींचं काम बुडवणं हा अन्यायच. पण एकच प्रत, एकाच घरात, कधी न उघडलेली, हेही मला तितकंच छळतं.

म्हणून एक मागणं आहे. हे वाचून झालं की उठा. तुमची प्रत जिथे ठेवली असेल तिथून काढा आणि उघडून बघा. उघडली तर आणखी एक करा आणि दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्या. नाही उघडली, तर मूळ काम शाबूत आहे तोवरच नवी करा. उद्यावर टाकू नका.